माझ्या गळ्यातून गेलेलं इंग्रजी

घोडेगाव, ता. नेवासा
२९ जून

हनुमंत सर,

नमस्कार घालायचा का न्हाई, ह्यातच दोन कागद फाटले. शेवटी घालतो. रागीट असलो तरी रीत सोडलेली न्हाई.

तुमी म्हनाल, खिशात मोबाईल असताना ह्यानं पत्र कशाला लिहावं? तर आपला मागचा फोन आठवा. माझा आवाज बाजारातला. चारी बाजूनं म्हशी हंबरत असताना गिऱ्हाइकाला ऐकू गेला पायजे म्हनून कमावलेला. मी नुसतं "बरं हाय का" इचारलं तरी समोरच्याला वाटतं, आला हा अंगावर. तुमी बी काय कमी न्हाईत, मधेच फोन कट केलात. कागदावर आवाज चढत न्हाई, म्हनून हा उद्योग. सातवी शिकलेला मानूस हाय, बोलतो तसंच लिहिनार. लाल पेन काढून बसू नका.

स्नेहलची दहावी सुरू झाली. तुमी बदली होऊन पनवेलला निघालात, त्याच्या आदल्या दिवशी घरी येऊन जे बोललात ते माझ्या डोक्यातून अजून जात न्हाई. "मच्छिंद्रराव, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोर्ड सवलत देतं. इंग्रजीची सूट घ्या आणि पोरीला मोकळी करा." पाचवीपासून तिला इंग्रजी शिकवनारे तुमीच, आन सोडा म्हननारे बी तुमीच! मी म्हनलो, "सर, बाजारात सूट कुठल्या जनावरावर मिळती ठाऊक हाय का? लंगड्या." तुमी ताडकन उठलात. गॅसवर चहा उकळत हुता. माझी मंडळी, बनुबाई, दारापर्यंत तुमच्या मागं आली, पन तुमी वळून बघितलं न्हाई.

मला राग का येतो ते सांगतो. पोरीला जन्मापासून ऐकू येत न्हाई, हे मी कवाच पचवलं. कानाचं मशीन आनलं, त्यात तिला नुसता गिरनीसारखा घरघराट येतो म्हने, ते कपाटात पडलंय. मानसाचे ओठ बघून ती निम्मं वळखती, निम्मं अंदाजानं धरती. आन माझ्याशी बोलती बोटांनी.

ती बोटं कुठनं आली ते तुमी कधी इचारलं न्हाईत. आमच्या बाजारात घेनारा आन देनारा भाव तोंडानं बोलत न्हाईत. मधे मी, दलाल. हातावर टॉवेल टाकायचा आन त्याच्या आत एकमेकाची बोटं धरायची. कुठलं बोट धरलं, किती धरली, मूठ का पंजा, त्यावर भाव. मनगट दाबलं की व्यवहार मोडला. बाहेरच्याला नुसता टॉवेल हालताना दिसतो. स्नेहल मांडीवर बसायची त्या वयात तिनं माझी बोटं तशीच धरायला सुरुवात केली. तिथनं आमची बोली वाढत गेली. आता भूक, भांडन, पाऊस, "आईला सांगू नको", सगळं त्या बोटांत हाय. आईला सांगू नको हे तर सगळ्यात आधी शिकली.

तर हीच पोरगी परवा वहीवर लिहून मला इचारती, "सगळ्या वर्गाला हाय ते मला का न्हाई?" तिला डॉक्टर व्हायचं न्हाई का विमान चालवायचं न्हाई. वर्गाला हाय ते पायजे, बास. ह्याला काय उत्तर देऊ, तुमीच सांगा.

शाळेत आता नवीन मोठ्या बाई आल्यात. शाळेच्या निकालावर त्यांचा लई जीव. त्यांनी सांगितलं, दिवाळीच्या आधी बोर्डाचा फॉर्म जानार. सहामाहीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असती, वाक्य ऐकून लिहायचं. स्नेहलला ते जमलं तर इंग्रजी राहील, न्हाईतर सूट घ्यायची. ऐकून लिहायचं म्हने! जिला ऐकू येत न्हाई तिला! तुमी बसा तिकडं उंटावरून शेळ्या हाकत.

घरी सगळे ठीक. तुमच्या घरच्यांना नमस्कार. त्यांनी काय केलं न्हाई.

मच्छिंद्र


घोडेगाव
२० जुलै

हनुमंत सर,

उत्तर आलं न्हाई. येनार न्हाई हे ठाऊक हुतं, तरी पोस्टमनला दोनदा इचारलं. पन आजचं पत्र भांडायला न्हाई. परवा जे झालं ते कुनाला तरी सांगितल्याबगर माझ्या पोटात ठरंना, आन गावात ज्याला कळंल असा मानूस दिसंना. बाजारात दोघांना सांगून बघितलं. एक म्हनला, "बरं मग?" दुसऱ्यानं तंबाखू मागितली.

तुमच्या जागेवर रेश्मा मॅडम म्हनून आल्यात, देवळाली प्रवराच्या. वयानं लहान, बोलायला लई फास्ट. फळ्याकडं तोंड करून बोलतात तवा स्नेहलला काय बी कळत न्हाई. त्यांनी परवा वर्गात ते एकसारखे लागनारे शब्द घेतले. तुमाला सांगायला नको. शेपटाला बी टेल आन गोष्टीला बी टेल. भेटायचं ते बी मीट आन मटन ते बी मीट. लिहायला निराळं, म्हनायला एक. मॅडमनी फळ्यावर वाक्यं लिहिली, मधे जागा मोकळी सोडली, आन जोडीतला कुठला शब्द बसतो तो भरा म्हनल्या.

सगळ्या वर्गाची दानादान. शेजारचा समर्थ, तालुक्यात हुशार म्हनून मिरवतो, त्यानं गाईच्या मागं गोष्ट लावली आन आजीला शेपूट सांगायला बसवलं. स्नेहलचं एक बी चुकलं न्हाई. मॅडम तिची वही हातात घेऊन नुसत्या उभ्या. त्यांना वाटलं कुनाची तरी बघून लिहिली. पन बघनार कुनाची, बरोबर हुतं कुनाचं?

मग स्नेहलनं वहीवर लिहून मॅडमला इचारलं, "बाकीच्यांचं का चुकलं? दोन शब्द दिसायला किती निराळे आहेत." मॅडमनी खाली लिहिलं, "कारण ते ऐकायला अगदी सारखे आहेत."

सर, पोरगी शाळेतनं पळत आली. दप्तर पाठीवर तसंच. मी गोठ्यात चंद्री गाईला पेंड घालत हुतो. वही माझ्या तोंडापुढं धरली, त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आन खूण केली, म्हन. मला ते वाचता येईना, मॅडमनी खाली मराठीत लिहून दिलं हुतं ते बघून मी म्हनलो, "टेल." दुसऱ्यावर बोट. "टेल." ती माझे ओठ बघत हुती. पुन्हा म्हन. पुन्हा म्हनलो. मग तिनं हात पुढं केला आन माझ्या गळ्याला लावला.

हे तिनं माझ्यावर कधी केलं नव्हतं. चंद्रीवर करती. लहानपनापासून गाईच्या गळ्याखाली लोंबनाऱ्या पोळीला तळहात लावून उभी राहती, आन गाय हंबरली की हसती. मला वाटायचं लेकरू खेळतंय. ती ऐकत हुती, सर! इतकी वर्सं माझ्या गोठ्यात उभी राहून ती गाय ऐकत हुती, आन मी रोज शेजारी पेंड कालवत हुतो.

गळ्याला हात लावून तिनं मला ते दोन शब्द किती येळा म्हनायला लावले, मोजले न्हाईत. चंद्री बी वैतागली. शेवटी हात काढला आन बोटांनी इचारलं, तुमाला पन दोन्ही एकच ऐकू येतात? मी मान हालवली. तुमाला? कान असून? व्हय बाई, कान असून.

तर ती हसायला लागली. खाली बसली, पोट धरून हसली. तिला हसताना आवाज किती फुटतो ह्याचा अंदाज न्हाई, बनुबाई घरातनं पळत आली, काय झालं म्हनून. स्नेहल डोळे पुसत मला इचारती, मग तुमी वळखता कसं, शेपूट का गोष्ट? आता ह्याचा मी कधी इचार केलाय? मी म्हनलो, पुढचं मागचं बघून. शेपूट असलं तर गाय जवळच असनार. आजी असली तर गोष्ट.

मग तिनं दप्तरातनं पेन काढलं आन लिहिलं. ते वाक्य मी जसंच्या तसं खाली उतरवतो.

"मी सगळंच तसं ओळखते. रोज. मला वाटायचं मी एकटीच."

मी गोठ्यात, हात पेंडीनं भरलेले, आन ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राह्यलो. एवढी वर्सं ती समजून हुती की बाकीच्या जगाला सगळं लख्ख कळतं आन एकटी तीच अंधारात चाचपडती. आन निघालं काय, तर देवानं आपल्या सगळ्यांना कुठं ना कुठं चाचपडायला लावलंच हाय. तुमच्यासारख्या इंग्रजीच्या सरांना बी! लई बरं वाटलं मला. लई म्हनजे लई.

तुमी हे वाचून काय म्हनाल ते मला कळायला मार्ग न्हाई.

मच्छिंद्र


घोडेगाव
२४ ऑगस्ट

हनुमंत सर,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, पन मिळालं. पोळ्याच्या दिवशीच आलं. बैलांच्या शिंगांना रंग देत हुतो, तुमच्या कार्डाला हिरवा डाग पडलाय, त्याची माफी.

नववीतली ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. तुमी वाक्यं सांगत हुता, स्नेहलनं शेजारच्या पोरीचं बघून लिहिलं, शेजारनीचं चुकलं तसंच हिचं चुकलं आन पोरं हसली. आन ती रडताना तुमी बघितली. मला तिनं हे सांगितलं न्हाई. एवढी बोटं दिलीत मी तिला, तरी हे सांगितलं न्हाई. तुमी तिला त्यातनं सोडवायला बघत हुता, एवढं मला कळलं. मला पटलं न्हाई, पन कळलं. दोन्हीत फरक हाय, हे तुमाला मी सांगायला नको.

आता इकडचं ऐका. तुमी म्हनता तिची खरी अडचन ते सारखे शब्द न्हाईत, दुसरेच हायत. बरोबर वळखलंत. ओठ बघून वळखनाराला प, ब आन म एकच दिसतात. आरशापुढं उभा राहून मी करून बघितलं. पॅट, बॅट, मॅट. तीन येळा तोंड तसंच मिटतं आन तसंच उघडतं. बनुबाई म्हनली, "ह्या वयात आरशात बघून पुटपुटायला लागलात, मला इकडं भीती वाटती." तर आपल्याला जे शब्द एक लागतात ते तिला निराळे, आन आपल्याला जे निराळे ते तिला एक. आमचं दोघांचं जग जनू उलटं टांगलेलं.

पन हात गळ्याला लागल्यापासून ते सुटायला लागलंय! तुमी आता एक काम करा. पत्र खाली ठेवा आन स्वतःच्या गळ्याला हात लावा. ब म्हना. गळा आतनं हालतो. प म्हना. गळा गप, पन ओठापुढं हात धरला तर वारा लागतो. म म्हना आन नाकाच्या हाडाला बोट लावा. नाक गुनगुनतं! केलंत का? हसू नका. आयुष्यभर ह्या गळ्यावर पोट भरलं मी, आन त्यात एवढं सगळं चालतं हे माझ्या पोरीनं मला शिकवलं. मला येड लागायचं राह्यलंय. रस्त्यानं चाललो तरी गळ्याला हात लावून ब ब करतो. अजिनाथ टेम्पोवाल्यानं परवा इचारलं, "मच्छू, घसा बसला का?"

तिची पद्धत ठरलीय. अंगठा माझ्या ओठाच्या कडंला, चार बोटं गळ्याला. मॅडम रोज शाळा सुटल्यावर कागदावर वाक्यं मराठी अक्षरांत लिहून देतात, मी ती पोपटासारखी म्हनतो, ती लिहिती. अर्थ मला कळत न्हाई. पहिल्या दिवशी दहा वाक्यांत दोन जमली. आता चुकलेली दोन असतात, त्यात बी एक माझ्या जिभेमुळं. मला ते इंग्रजीतलं थ म्हनताच येत न्हाई, जीभ दातात धरायची म्हने. जीभ काय बैलाची येसन हाय, धरायला?

तिचा चेहरा बघायला पायजे तुमी. डोळे मिटून घेती, सर. पहिल्यांदा ओठ बघायची, आता डोळे मिटती आन बोटांनी ऐकती. घरात कुनी बोलत न्हाई तवा. बनुबाई बी चपात्या लाटायच्या थांबती. देवळात गेल्यावर जसं गप व्हावंसं वाटतं तसं घरात होतं. मी देवळात फारसा जात न्हाई, तरी सांगतो.

बनुबाई मात्र अजून तुमच्याच बाजूची. म्हनती, सर बरोबर बोलत हुते, पोरीचे हाल नकोत. तुमाला एक मत पडलंय एवढं कळावं.

मच्छिंद्र


घोडेगाव
२१ सप्टेंबर

सर,

घाईत लिहितो. घात झालाय.

मोठ्या बाईंनी ठरवलं की तोंडी परीक्षा रेश्मा मॅडम घेनार न्हाईत. त्या स्नेहलच्या बाजूच्या हायत म्हने. वाक्यं मोठ्या बाई स्वतः वाचनार. आन मोठ्या बाईंचं तोंड बोलताना उघडतच न्हाई. ओठ मिटल्यासारखे, आतल्या आत बोलनं. मला कान हायत तरी मला निम्मं कळत न्हाई. तिनं वळखायचं कसं? आन शाळेच्या मोठ्या बाईंच्या गळ्याला हात लावायचा, कसं इचारायचं? इचारून आलो तरी. त्या म्हनल्या, "परीक्षा आहे मच्छिंद्रराव, डॉक्टरची तपासणी नाही."

खरं सांगू का, माझा धीर सुटला. बनुबाई रात्रीच्या जेवनाला बसताना म्हनली, "तिथं पुन्हा सगळ्यांपुढं हसं झालं तर? नववीत रडली ती एकटीच रडली. आता आपल्याला दिसंल." दुसऱ्या दिवशी शाळेतनं सुटीचा, म्हनजे सुटेचा अर्ज आनला. बघा, शब्द बी धड लिहिता येईना. अर्ज तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला. मी टॉवेल माझ्या आन तिच्या हातावर टाकला, बाजारात टाकतो तसा, लहानपनी आमी खेळायचो तसा, आन आत तिची बोटं धरून इचारलं, सोडायचं का?

तिनं माझं मनगट धरलं आन दाबलं. असं दाबलं की हाडापर्यंत गेलं.

अर्ज परत देऊन आलो. पन पुढं काय ते मला ठाऊक न्हाई. परीक्षा दहा ऑक्टोबरला हाय. तुमाला काय सुचलं तर लिहा. भांडन बाजूला ठेवून इचारतोय.

मच्छिंद्र


घोडेगाव
१२ ऑक्टोबर

हनुमंत सर,

बसून सगळं लिहायचंय. बनुबाईला सांगितलंय, दुपारपर्यंत मला हाक मारू नको.

तुमचं पत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. "तुम्ही दलाल आहात, मध्ये उभे राहा." एवढं एकच वाक्य, खाली सही. पाच वर्सं तुमी माझ्या पोरीला शिकवलं, पन मला ओळखलंत ते ह्या एका ओळीत. दुसऱ्या दिवशी मी ते पत्र खिशात घालून शाळेत गेलो.

मोठ्या बाई टेबलामागं, शेजारी रेश्मा मॅडम, समोर बाकावर स्नेहल. दाराशी पोरांची गर्दी. मी आत गेलो आन म्हनलो, "बाई, तुमी वाक्य मला सांगा. मी तसंच म्हनतो. ती माझ्या गळ्याला हात लावून लिहिती."

बाई म्हनल्या, "म्हणजे उत्तर तुम्ही सांगणार?"

"मी कुठनं सांगनार बाई? सातवीला इंग्रजीतच नापास झालो. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

दाराशी पोरं हसली. बाई हसल्या न्हाईत. म्हनल्या, "तुमच्या बोटांची भाषा गावाला माहीत आहे. खाणाखुणा कराल." हे मात्र खरं हुतं. तिथं माझा शब्द कोन मानंल? दलालाच्या बोटांवर कोन इस्वास ठेवतं? तर मी खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हात पुढं केले आन म्हनलो, "बांधा."

बाईंना वाटलं चेष्टा करतोय. मॅडम उठल्या. त्यांनी माझे दोन्ही हात टॉवेलात गुंडाळले आन गाठ मारली, चांगली घट्ट. सर, ह्या टॉवेलाखाली माझा सगळा जन्म गेला. हात त्याच्या आत असले की मी राजा असतो. आन परवा हात आतच हुते, पन बोटं मुकी. माझ्याकडं राह्यला नुसता गळा, आन त्यातनं जे जानार हुतं त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. मोठमोठ्या बैलांसमोर उभा राह्यलोय, पन असं भ्या कधी वाटलं न्हाई.

स्नेहल उठून माझ्यापुढं आली. डाव्या हाताचा अंगठा माझ्या ओठाच्या कडंला, चार बोटं गळ्याला. उजव्या हातात पेन, कागद टेबलावर. डोळे मिटले.

बाई वाक्य वाचायच्या. मी पुढं सरकून कान देऊन ऐकायचो आन म्हनायचो. एक, दोन, तीन. ती लिहीत हुती. मधे एकदा मी अडखळलो, तिनं गळा दाबला, म्हनजे पुन्हा. पुन्हा म्हनलो. ते थ आलं तवा जीभ दातात धरली, चावली बी. दाराशी आता कुनी हसत नव्हतं. समर्थ पुढं होऊन बघत हुता, तोंड उघडं.

शेवटचं वाक्य बाईंनी कागदावरनं वाचलं न्हाई. पोरीकडं बघितलं आन मनानं सांगितलं. "माय सन सॅट इन द सन."

मला वाटलं बाई चुकून एकच शब्द दोनदा बोलल्या. पन आपलं काम सांगायचं. मी म्हनलो, "माय सन सॅट इन द सन." जसंच्या तसं. दोन्ही येळा गळ्यातनं तेच गेलं, मी सांगतो ना, गळा माझा हाय! पयल्या सनला तिचं पेन चाललं. दुसऱ्या सनला थांबलं. तिनं डोळे उघडले न्हाईत. माझ्या गळ्यावरची बोटं जराशी उचलली, जसं काय आता गळ्याचं काम न्हाई, आता तिचं तिनंच बघायचंय. मग लिहिलं.

मॅडमनी वाचलं आन तोंडाला पदर लावला. बाईंनी कागद ओढून घेतला. मी इचारलं, "चुकलं का बाई?" बाई म्हनल्या, "तुमच्या मुलीनं पहिल्यांदा मुलगा लिहिला आहे, आणि दुसऱ्यांदा सूर्य. माझा मुलगा उन्हात बसला."

सर, मी पुन्हा पुन्हा इचार करतोय. माझ्या गळ्यातनं दोनदा एकच हादरा गेला. त्यात पोरगा नव्हता आन सूर्य बी नव्हता, मला ठाऊक असता तर असता. बाईंनी मिटल्या तोंडानं एका बाजूनं घातलं, मी मधे आंधळा, आन तिच्या बोटांतनं निघताना एक पोरगा झाला आन एक ऊन. हे कुठं घडलं? माझ्यात न्हाई. देवाच्या गोष्टी मी करत न्हाई, पन परवा त्या खोलीत माझ्यापेक्षा लई मोठं काय तरी हुतं, आन ते माझ्या पोरीच्या पेनाच्या टोकाशी हुतं. मी तिचा बाप हाय म्हनून हे बोलत न्हाई. कुनाची बी पोर असती तरी मी टोपी काढली असती.

दोन वाक्यं चुकली. दोन्ही माझ्या जिभेनं. बाईंनी तसं कागदावर लिहिलं बी, "चूक सांगणाऱ्याची." मग कपाटातनं बोर्डाचा फॉर्म काढला, सुटेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आन स्नेहलच्या पुढं सरकवला. तिनं सही केली. बाई तिला म्हनल्या, "इंग्रजी तुझं." मिटल्या तोंडानंच म्हनल्या, पन तिनं ते वळखलं. कसं, ते मला इचारू नका.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मॅडमनी माझ्या हाताची गाठ सोडली. मला वाटलं आता स्नेहल माझ्याकडं येईल. ती मॅडमकडं वळली. मॅडमनी तिचा हात धरला आन स्वतःच्या गळ्याला लावला. इंग्रजीत काय तरी म्हनल्या, हळू, एक एक शब्द तोडून. स्नेहलचे डोळे मोठे झाले. मॅडमचा थ नीट असनार. तिनं पयल्यांदा खरा थ ऐकला. ती खुणेनं म्हनली, पुन्हा. मग पुन्हा. दोघी तिथंच उभ्या, आन मी टॉवेल हातात घेऊन बाजूला. ह्या घडीसाठीच तर तीन म्हैने घसा फोडला, हे मला कळत हुतं. तरी आत कुठं तरी तुटलं, सर. खोटं कशाला बोलू?

मी बाहेर आलो. मैदानात पोरं कबड्डी खेळत हुती. लिंबाखाली उभा राह्यलो. गळ्यावर तिची चार बोटं अजून लागत हुती, तिथं मी माझा हात ठेवला. आमी दोघं बोटांनी बोलनार, त्यामुळं तिचं नाव मी तिच्यासमोर कधी तोंडानं घेतच न्हाई, घेऊन उपेग काय? तर आजूबाजूला कुनी न्हाई बघून, गळ्याला हात धरून मी म्हनलो, "स्नेहल."

स ला काय बी न्हाई. न ला नाक गुनगुनलं, आन मग पार ल पर्यंत सगळा गळा थरथरत राह्यला. एवढं हुतं त्या नावात, सर. मी आजपर्यंत नुसतं ऐकत आलो हुतो.

तुमचा,
मच्छिंद्र